पावणेदोन तासांत दुबई

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर, म्हणजे मुंबईकराला गुवाहाटीपेक्षा दुबई जवळ. इथपर्यंत वाद नाही. घोटाळा तिकिटावर सुरू होतो. रात्री दहाला सहारहून सुटलेलं विमान पावणेबाराला दुबईत. परतताना मात्र दहाला निघून मुंबईत पोचायला अडीच. जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार! एवढ्यावरून कोणीही म्हणेल की परतीच्या वाटेला चढ असणार. वस्तुस्थिती अशी, की तिथे उतार आहे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तो हिशेब केला की जायला सव्वातीन तास उरतात आणि यायला तीन. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून येतो, जाणाऱ्या विमानाला आडवा जातो आणि येणाऱ्याला ढकलतो. घड्याळ जो प्रवास लांबचा म्हणून दाखवतं, तोच वाऱ्याच्या लेखी जवळचा!

यावर शहाणी माणसं म्हणतात, घड्याळ सोडा, सव्वातीन तास धरा. पण तेही खरे नाहीत, कारण आपल्याला जायचं असतं नातेवाइकांकडे, खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या बर दुबईला, आणि विमान तिथे जातच नाही. १९३७ मध्ये इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं दुबईच्या खाडीतच उतरू लागली होती. तेव्हा बर दुबई धावपट्टीच्या काठावर होती म्हणायला हरकत नाही. आजचा विमानतळ खाडीच्या देरा बाजूला. मेट्रो खाडीखालून बर दुबईतल्या बुर्जुमान स्थानकाला नेते, तिथला मीना बाजार त्याच्या जवळ. पण पावणेबाराला उतरलेल्या माणसाचा शिक्का आणि सामान होईपर्यंत बहुतेक दिवशी मेट्रो बंद झालेली असते. मग टॅक्सी आणि पूल. शिवाय तीन तास आधी विमानतळावर या, ही आज्ञा. आणि माणूस डोंबिवलीचा असेल तर त्याआधीचे दोन तास. बेरीज साडेनऊच्या आसपास जाते. हे कुठल्याही प्रवासाला लागू नाही का, असा आक्षेप येईल. लागू आहे, पण सारखा नाही. न्यूयॉर्कच्या पंधरा-सोळा तासांत असे पाच-सहा तास खपून जातात. दुबईच्या बाबतीत पूजेपेक्षा दक्षिणा जड होते. विमानाचा वेग दुप्पट केला तरी डोंबिवलीकराचे फार तर दीड तास वाचतील. तेवढे तर सामानाचा पट्टा नुसता फिरत राहिला तरी जातात.

तेव्हा बर दुबईच्या नातेवाइकांना वेळ कळवताना पावणेदोन तास सांगू नका, सव्वातीनही सांगू नका. आणि अनारसे नेणार असाल तर खसखस न लावलेले न्या. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि ती सापडल्यावर लागणारा वेळ कुठल्याच वेळापत्रकात छापलेला नसतो.