मधल्या आसनाचे उपकार

विमानाच्या इकॉनॉमी वर्गात सर्वोत्तम आसन कोणते, या प्रश्नाकडे वळणाऱ्या अभ्यासकाला आरंभीच एक विसंगती मान्य करावी लागते. या वर्गातील आसने एकाच मापाने घडवलेली असतात, एकाच वेळी उडतात आणि एकाच वेळी जमिनीला टेकतात. तरीही त्यांतील एकासाठी काही शे रुपये जादा घेतले जातात, दुसऱ्याचा आकार हजाराच्या पुढे जातो आणि तिसरे फुकट दिले तरी घेणाऱ्याच्या मुद्रेवर कृतज्ञतेचा लवलेश उमटत नाही.

मराठी समाजाला आसन-निवडीचे शास्त्र अपरिचित नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल, पिशवी आणि प्रसंगी घरातील सर्वांत लहान मूल आत सोडून जागा धरण्याची जी पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली, तिच्यात या शास्त्राची सर्व मूलतत्त्वे आढळतात. कारण रुमालाला कायद्याचा आधार नसला तरी लोकमान्यता होती, आणि ती नाकारणाऱ्याला पुढच्या थांब्यापर्यंत अख्ख्या गाडीचा रोष सहन करावा लागे. मुंबईच्या लोकलने या परंपरेत ‘चौथ्या सीट’ची भर घातली, म्हणजे तिघांसाठी बनवलेल्या बाकाच्या कडेला चौथ्याने टेकण्याचा अलिखित हक्क प्रस्थापित केला. विमान कंपन्यांनी या क्षेत्रात केलेले मौलिक संशोधन एवढेच की त्यांनी रुमालाला दर लावला. मूळ भाड्यात पूर्वी गृहीत असलेल्या सोयी वेगळ्या काढून सुट्या विकण्याच्या या क्रियेस ‘अनबंडलिंग’ असे म्हणतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे व्यवहारातील ‘डीजीसीए’ने, अशा सुट्या विक्रीस मुभा दिलेल्या सोयींची जी यादी केली आहे, तिच्यात पसंतीचे आसन, खाद्यपेये आणि वाद्ये नेण्याचा आकार यांचा समावेश होतो, त्यामुळे खिडकी आणि तबला हे पदार्थ शासकीय वर्गीकरणात एका पंक्तीला बसले आहेत.

देशांतर्गत प्रवासात सर्वाधिक आढळणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानात मधोमध एक चिंचोळी वाट, जिला ‘आइल’ म्हणतात, आणि तिच्या दोन्ही अंगांना तीन-तीन आसने असतात. त्यांतील ‘ए’ आणि ‘एफ’ ही खिडकीची, ‘सी’ आणि ‘डी’ ही वाटेकडेची, आणि ‘बी’ व ‘ई’ ही मधली. आसनाची रुंदी सुमारे १८ इंच असते. बोइंग ७३७ मध्ये ती सुमारे १७ इंचांवर येते. एका आसनावरील कोणत्याही बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतच्या अंतराला ‘पिच’ म्हणतात, आणि स्वस्त सेवेच्या विमानांत हे अंतर २८ ते ३० इंच एवढे भरते. या अंतरात पुढच्या आसनाच्या पाठीची जाडीही मोजलेली असते, हे ज्याचे गुडघे त्या पाठीला टेकतात त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या भूमीवर दोन संप्रदाय नांदतात. खिडकीवादी संप्रदायाच्या मते प्रवासाचे सार दर्शनात आहे. आणि दर्शन दिशेवर अवलंबून असल्यामुळे या संप्रदायाच्या अनुयायाला भूगोल व सूर्याची गती या दोन्ही विषयांत गती असावी लागते. मुंबईहून सकाळी दिल्लीकडे निघालेल्या विमानात उजव्या बाजूचा प्रवासी उन्हाने भाजून निघतो, तर दिल्लीहून बागडोगऱ्याकडे जाताना हवा स्वच्छ असेल तर डाव्या बाजूला हिमालय दिसतो आणि उजव्या बाजूला डावीकडच्या प्रवाशांची डोकी. मुंबईहून सिंधुदुर्गाकडे जाताना उजवीकडे समुद्र व डावीकडे सह्याद्री येतो, त्यामुळे निवडीपूर्वी प्रवाशाने आपली निष्ठा कोणत्या बाजूला आहे हे ठरवावे. तथापि, विमानाच्या खिडक्या सांगाड्याच्या रचनेनुसार बसवलेल्या असतात आणि आसनांच्या रांगा कंपनीच्या हिशोबानुसार. या दोन्हींचा मेळ बसेलच असे नसल्यामुळे काही खिडकीच्या आसनांशेजारी दोन खिडक्यांमधली भिंत येते. काही बोइंग ७३७ विमानांत तर वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर नेलेली असल्याने एका रांगेला खिडकीच नसते. नकाशावर मात्र ते आसन खिडकीच्या रकान्यातच असते, आणि प्रवासी जादा आकार भरून तासभर त्या कोऱ्या पृष्ठभागाचे अवलोकन करतो.

दुसरा संप्रदाय आइलवाद्यांचा. त्यांच्या तत्त्वज्ञानाचा पाया मूत्राशय हा आहे, आणि उतारवयात पुष्कळ खिडकीवादी या संप्रदायाची दीक्षा घेतात. वाटेकडेच्या आसनाने स्वातंत्र्य मिळते हे खरे, परंतु त्याची किंमत कोपराला बसणाऱ्या खानपान-ढकलगाडीच्या धक्क्याने, तोंडावरून फिरणाऱ्या परक्या पाठपिशव्यांनी आणि आतल्या दोघांच्या इच्छेनुसार उठण्या-बसण्याने चुकवावी लागते. पंखांच्या आसपास हेलकावे कमी आणि शेपटीकडे अधिक, इंजिनाच्या पुढे आवाज कमी आणि मागे अधिक, ही तांत्रिक माहिती दोन्ही संप्रदायांस समान उपलब्ध असून दोघेही तिचा उपयोग मुख्यतः इतरांस सांगण्यासाठी करतात.

दोन संप्रदायांच्या मधोमध जो बसतो, त्याचा संप्रदाय नाही. तीन आसनांना हात टेकवण्याचे दांडे चार आणि कोपरे सहा, हे या रचनेतील मूळ गणित होय. कडेच्या दोघांना प्रत्येकी एक निर्वेध दांडा मिळतो; आतले दोन दांडे सामायिक राहतात, आणि शिष्टाचाराचे जाणकार ते दोन्ही मधल्याला द्यावेत असे सांगतात. प्रत्यक्षात येथे बांध कोरण्याचे जुने तंत्र चालते. शेजारच्या शेतात दरवर्षी नांगराचा एक तास अधिक घालून सीमा गुपचूप सरकवणारा शेतकरी जसा आवाज न करता काम करतो, तसेच कडेचा प्रवासी झोपेचे निमित्त करून कोपर अर्ध्या अंगुळाने पुढे सारतो. मधला पाण्याची बाटली घेण्यासाठी हात उचलतो, तेवढ्यात ताबा बदलतो आणि विमान उतरेपर्यंत वहिवाट सिद्ध झालेली असते. तेथे मोजणीला कोणी येत नाही.

पाय लांब करण्याची आस असलेल्यांसाठी आपत्कालीन दाराची रांग राखलेली असते. ए-३२० मध्ये पंखावरील या दाराचे वजन सुमारे १५ किलो असून, प्रसंग आल्यास ते उचलून बाजूला सारण्याचे काम तेथे बसलेल्या प्रवाशाने करायचे असते. म्हणूनच बालके, गर्भवती आणि अशक्त वृद्ध यांना ही रांग देत नाहीत. ज्या कामासाठी अन्य कोणत्याही आस्थापनेत माणूस पगारावर नेमला असता, ते काम प्रवाशाकडून जादा पैसे घेऊन करवून घेण्याची ही पद्धत व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे. हवाई सुंदरी जेव्हा ‘आपण मदतीस तयार आहात ना’ असे विचारते, तेव्हा होकार देणाऱ्याची दृष्टी दारावर नसते, स्वतःच्या सुटलेल्या गुडघ्यांवर असते. शिवाय अशा दोन रांगा लागोपाठ असल्यास त्यांतील पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, कारण झुकलेली पाठ मागच्या दाराची वाट अडवील; ही बाब बहुतेकांना पैसे भरल्यानंतर कळते.

दूरच्या प्रवासात हे शास्त्र कुटुंबव्यवस्थेत शिरते. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी मुंबईहून नेवार्ककडे प्रथमच निघालेल्या मराठी आईवडिलांचे आसन स्वतः त्यांनी निवडलेले नसते. ते न्यू जर्सीत बसलेल्या मुलाने, ऑफिसच्या कामातून रात्री जागून, आसनांचे नकाशे ताडून निवडलेले असते. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी एका रांगेत ९ आसने असत. पुढे पुष्कळ कंपन्यांनी त्याच रुंदीत १० बसवली, आणि त्यांची अक्षरे ‘ए’पासून ‘के’पर्यंत लावताना ‘आय’ हे अक्षर एकाच्या अंकासारखे दिसते म्हणून गाळले, म्हणजे गर्दीतून अक्षराला तेवढी सुटका मिळाली. मुलगा विचारपूर्वक आईसाठी ‘बल्कहेड’ची, म्हणजे आडव्या भिंतीलगतची पहिली रांग घेतो, कारण तिथे पुढून कोणाची पाठ अंगावर येत नाही. परंतु त्याच भिंतीला तान्ह्या मुलांचे पाळणे अडकवण्याची सोय असते. त्यामुळे एका नातवाच्या ओढीने निघालेल्या आजीला पंधरा-सोळा तास अन्य दोन-तीन नातवंडांचा सराव घडतो. समोर आसन नसल्याने जेवणाचे फळकुट हाताच्या दांड्यात दडवलेले असते, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि बसायची जागाही थोडी आकसते; पायांशी पिशवी ठेवता येत नाही, म्हणून गुडघ्याच्या गोळ्या, चष्मा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा वरच्या कप्प्यात जातो, आणि तो कप्पा आजीच्या हाताला येत नाही.

आता मूळ प्रश्न असा की चांगल्या आसनाची ही मागणी येते कोठून. फ्रेंच अभियंता व अर्थशास्त्रज्ञ झ्यूल द्युपुई याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी जे लिहिले ते येथे मार्गदर्शक ठरते. त्याचे प्रतिपादन असे होते की कंपनी त्या डब्यांना छप्पर घालत नाही ती छपराचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, यासाठी गरिबाला पावसात भिजवणे भाग असते. १९५८ मध्ये अटलांटिकवरील विमानांत इकॉनॉमी वर्ग सुरू झाला तेव्हाही हेच सूत्र पाळले गेले. या वर्गात साधे सँडविच द्यावे असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचा दंडक असताना, एका स्कँडिनेव्हियन कंपनीने उघड्या पावावर मांस-मासळीची अशी काही रचना केली की प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनीने तक्रार गुदरली, आणि सँडविच कशाला म्हणावे यावर मोठमोठ्या अधिकाऱ्यांना खल करावा लागला. स्वस्त वर्गातील माणूस सुखाने जेवतो, हा आरोप होता.

त्या तुलनेत महाराष्ट्राच्या राजकारणाने उलट दिशेचे एक उदाहरण घालून दिले आहे, आणि ते या विषयाला काहीसे गैरसोयीचे आहे. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेले राजापूरचे खासदार मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर दोन इंच फोम चढवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यासाठी बसणाऱ्याकडून वेगळा आकार मागितला नाही. विमानव्यवसायात दोन इंचांचे महत्त्व तेवढेच ओळखलेले आहे, फक्त तेथे ते काढून घेतले जातात. अमेरिकेत प्रवाशांच्या एका संघटनेने न्यायालयात मांडले की आसनांचे सरासरी पिच ३५ इंचांवरून ३१वर, आणि काही विमानांत २८वर आले. २०१७ मधील निकालपत्रात न्यायाधीश पॅट्रिशिया मिलेट यांनी त्या खटल्याला अविश्वसनीयरीत्या आकसत जाणाऱ्या विमान-आसनाचे प्रकरण असे नाव दिले. नियमानुसार निम्मी दारे बंद असतानाही विमान ९० सेकंदांत रिकामे झाले पाहिजे. वाद असा होता की माणसे रुंद आणि रांगा अरुंद होत गेल्यावर ते होईल काय.

या प्रकाशात पाहता ‘बी’ आणि ‘ई’ हीच इकॉनॉमी वर्गाची खरी भांडवली मालमत्ता ठरते. मधले आसन नसते तर खिडकीला किंवा वाटेला कोणी एक रुपया जादा दिला नसता. मधल्या आसनावरील प्रवासी हा त्या उघड्या डब्यातील भिजणारा उतारू असून, त्याच्याकडे पाहून इतर प्रवासी पैसे भरतात. न्यायाने त्या उत्पन्नातील काही टक्के त्याला मिळावयास हवेत. हे उत्पन्न कुटुंबप्रेमावरही चालते, कारण ज्यांनी आसन निवडले नाही त्या पतीला ४ई आणि पत्नीला २७बी देण्याचे कौशल्य संगणकाला अवगत आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीजीसीएने आदेश दिला की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील आईवडिलांपैकी एकाजवळ तरी बसवावे. तेराव्या वर्षी मूल सज्ञान होत नसले तरी विक्रीयोग्य होते.

काही दांपत्ये या व्यवस्थेवर मात करू पाहतात. पती ‘ए’ घेतो, पत्नी ‘सी’, आणि मधले रिकामे राहील या आशेवर दोघे विमानात शिरतात. ‘लोड फॅक्टर’, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, देशांतर्गत विमानांत बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे दार बंद होण्याच्या बेतात एक गृहस्थ घाम पुसत येतो आणि ‘बी’वर बसतो. त्याला कडेचे आसन देऊ केले तर रिकाम्या आसनाचा डाव उघड होतो, आणि न देऊ केले तर थालीपीठ, लोणचे व अर्धवट राहिलेले घरगुती भांडण त्याच्या मांडीवरून पलीकडे पाठवावे लागते. ‘सरकता का जरा’ असे विचारण्याचे धैर्य बहुधा पुण्यावरून उडाल्यावर नागपूर दिसू लागेपर्यंत गोळा होत नाही.

पुढच्या रांगेचे पुरस्कर्ते यावर एकच उत्तर देतात, की पुढे बसणारा लवकर उतरतो. हा युक्तिवाद तपासण्याजोगा आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्ग यांसारख्या लहान विमानतळांवर ये-जा करत आलेल्या एटीआर-७२ जातीच्या विमानात सामानाचा कप्पा पुढे आणि प्रवाशांचा दरवाजा शेपटीशी असतो, त्यामुळे पहिल्या रांगेचे पैसे भरणारा सर्वांच्या शेवटी उतरतो. मोठ्या विमानात तो खरोखरच प्रथम उतरतो. परंतु विमान इमारतीपासून दूर उभे असेल तर खाली बस उभी असते. तो तिच्यात सर्वांआधी चढतो आणि मागच्यांच्या रेट्याने सर्वांत आतल्या कोपऱ्यात जातो. बस हलते ती शेवटचा प्रवासी आल्यावर, आणि तो शेवटचा प्रवासी दाराला पाठ लावून उभा राहतो; दार उघडताच इमारतीत सर्वांत आधी तोच शिरतो. आसनासाठी त्याने काहीही भरलेले नसते, कारण तो ३०बीवर बसून आलेला असतो.