बडवईची डाकीण

टेक्सासला असणारा माझा भाचा २०१०च्या गणपतीत भोपाळला आला, तो कंट्री म्युझिकचं वेड घेऊनच. म्हटलं, म्हणजे काय रे? तर म्हणे, "मामा, गावाकडची गाणी. डोक्यावर हॅट, हातात गिटार, मागे ट्रक उभा, आणि बायको सोडून गेली म्हणून रडायचं."

"आमच्याकडेही आहेत," मी म्हणालो. "फक्त आमची बायको सोडून जात नाही, हिशोब मागते."

ऑगस्टमध्ये 'पीपली लाइव्ह' हा सिनेमा लागला होता आणि न्यू मार्केटात जावं तिथे त्यातलं 'महंगाई डायन', म्हणजे महागाईच्या डाकिणीचं गाणं, कानावर येत होतं. दिग्दर्शिका अनुषा रिझवी, निर्माता आमीर खान. पण आम्हा भोपाळकरांच्या लेखी ते घरचंच कार्य. चित्रीकरण शेजारच्या रायसेन जिल्ह्यात, बडवई गावात. नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी हबीब तन्वीरांच्या 'नया थिएटर'चे, म्हणजे आमच्याच अंगणातले. गाणारे रघुवीर यादव जबलपूरचे. सिनेमात राज्याचं नाव तेवढं 'मुख्य प्रदेश' ठेवलेलं. हत्तीवर टॉवेल टाकला की झाकला जातो, अशी कुणाची तरी समजूत असावी.

बडवई हे नाव ऐकून मराठी माणसाला वाटणारच की तिथे ढोलक बडवत असतील. आणि बडवतातच! गाण्यात रघुवीर यादवांबरोबर तिथलीच मंडळी आहे. ना स्वित्झर्लंड, ना वाऱ्यावर उडणारी ओढणी. पेटी, ढोलक, झांजा आणि कोंडाळं करून बसलेले गावकरी. पेट्रोल येतं, साखर येते, मका येतो, आणि चक्क सोयाबीन येतं. हिंदी सिनेमाने गुलाबाचे लाड केले, चंद्राचे तर अतोनात केले. पण ज्याच्या भावावर आमच्याकडे मुलींची लग्नं ठरतात, त्या सोयाबीनला तोवर कोण विचारत होतं? त्यातून जूनमध्येच सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे सोडलेले. गाणं हिट व्हायला आणखी काय लागतं?

आमच्या कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी नाट्यगीतं होतात. यंदा हेच म्हणायचं, असा मी हट्ट धरला. तालीम आमच्या दिवाणखान्यात. पेटीचा एक सूर दाबला की वर यायचा नाही. तो पेन्सिलीने उचकटायला एक वेगळा माणूस बसवला. ढोलक माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी गल्लीतला खरा ढोलकवाला दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ ऐकलं आणि कळवळून म्हणाला, "अमां खां, ढोलक है, गद्दा थोड़ी झाड़ रिये हो!" तेव्हापासून मी नुसता गायक झालो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यावर माझी गाडी अडली. शब्दच आठवेनात. पेटी तेच तेच दळत राहिली. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "तूरडाळ!" मी तूरडाळ म्हटली. "सिलिंडर!" सिलिंडर म्हटला. "दूधवाला पाणी घालतो!" हे काही केल्या तालात मावेना, पण ढोलकवाल्याने कोंबून बसवलं. मंडप रंगात आला. मग आमच्या सौ. उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आणि ह्यांची सिगारेट!"

ती ओळ पब्लिकने सात वेळा म्हटली.

टाळ्या थांबायच्या आत खजिनदारांनी माझ्या हातातून माइक घेतला. "अत्यंत समयोचित गाणं! हाच धागा पकडून सांगतो, पुढच्या वर्षापासून वर्गणी एकशे एकच्या ऐवजी दोनशे एक."

भाच्याने सगळं मोबाइलवर टिपलं होतं आणि ते ब्लूटूथवरून घरोघरी पोचलं. त्यात मी फारसा दिसत नाही. मंडपाचा बांबू छान आलाय. शेवटी खजिनदारांची पाठ दिसते आणि चर्रकन कागद फाटल्याचा आवाज येतो. पहिली पावती माझी. नावसुद्धा विचारलं नव्हतं त्यांनी.