विलीनीकरणाचा रंग

इंकस्केपमध्ये दोन आकार निवडून 'युनियन' दाबलं की विलीनीकरण होतं आणि रंग उरतो तो खालच्याचा. इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये 'युनाइट' केलं तर मात्र वरच्याचा. पक्षश्रेष्ठी बदलले की धोरण बदलायचंच! इंकस्केपच्या 'डिफरन्स'मध्ये वरचा आकार खालच्याला कापतो आणि स्वतःही नाहीसा होतो. एवढा त्याग राजकारणात शोधून सापडायचा नाही. लोगोतली ऐटबाज जाड रेघ इथे ऐन वेळी दगा देते, कारण तिची जाडी नुसती दिखाऊ. हिशेबात धरला जातो तो आतला बारीक पाथ. तेव्हा रेघेचं आधी 'स्ट्रोक टू पाथ' करा, अक्षरांचं 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, वर कोण नि खाली कोण ते बघा. सॉफ्टवेअरला शिव्या त्यानंतर खुशाल घाला.