वर्गमुळं आणि तुमचे चिरंजीव

जयनगर, बेंगळुरू

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमची नात नववीत गेल्यापासून आमचं रात्रीचं जेवण वर्गमुळांच्या तोंडीलावण्यावर चाललंय. काल गृहपाठात √72 सोपं करायचं होतं. मी म्हटलं, आधी अवयव पाड: 2, 2, 2, 3, 3. आता आपल्या सोसायटीची मीटिंग आठव. दर जोडप्यामागे एकच जण बाहेर येतो. एकटे राहणारे दारच उघडत नाहीत. म्हणजे एक 2, एक 3 बाहेर आणि उरलेला 2 घरात. झालं 6√2. तिला पटलं.

तेवढ्यात तुमचे चिरंजीव व्हाइटफील्डहून आले. बूटही न काढता वहीत डोकावले. पुढचं गणित √9 + √16. "हे तर तोंडी!" म्हणत त्यांनी 9 नि 16 मिळवले, √25 केलं आणि 5 उत्तर लिहूनही टाकलं. तेही पेनाने! नात शांतपणे म्हणाली, "बाबा, तीन नि चार सात होतात." त्यावर ह्यांनी ट्रॅफिकचा विषय काढला.

मग मी तुमची रीत काढली, दिवाळीत पाटणादेवीला जाताना जीपमध्ये सांगितलेली. भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास 'बीजगणिता'त घातलेलं तेच उदाहरण: √2 + √8. बेरीज 10. गुणाकार 16, त्याचं मूळ 4, दुप्पट 8. दहा नि आठ अठरा, म्हणून √18, म्हणजे आपलं 3√2. नातीने 9 नि 16 लाही तीच रीत लावली: 25 अधिक 24, एकोणपन्नास, मूळ सात! आणि √3 + √7 ला? गुणाकार 21, मूळ पूर्ण निघत नाही. ती दोघं वेगळीच ठेवायची. चिरंजीव म्हणाले, "भास्कराचार्यांना सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून घरी यावं लागत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात छेदाचं परिमेयीकरण आहे. नुसतं नाव ऐकून ह्यांना ऑफिसात जादा काम निघालंय.

पाटणादेवीजवळच्या पाटणच्या शिलालेखातल्या चांगदेवाने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. आपल्याला मठ नको, चाळीसगावहून व्हिडिओ कॉल पुरे. फक्त सातच्या आत करा. नंतर चिरंजीव येतात.

आईंना नमस्कार.

आपली,
सूनबाई