फ्री साइज (छाती ३८ पर्यंत)

कुर्त्याच्या गळ्यामागे, आतल्या बाजूला, एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर ठळक अक्षरांत ‘फ्री साइज’ आणि खाली मुंगीने लिहिल्यासारखं ‘छाती ३८ पर्यंत’. घटनेने दिलेलं स्वातंत्र्यसुद्धा वाजवी निर्बंधांसह येतं, तेव्हा कुर्त्याकडून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हे. पण घटनेतले निर्बंध निदान सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची सुरक्षितता असल्या भारदस्त कारणांसाठी आहेत. एकोणचाळिसाव्या इंचापासून देशाला नेमका कोणता धोका सुरू होतो, ते लेबलवर लिहिलेलं नसतं. ‘फ्री’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ रूढ आहेत, फुकट आणि मोकळं. कुर्ता अठराशे रुपयांचा, म्हणजे पहिला अर्थ बाद. चाळीस छातीच्या बाईने तो घालून एकदा हात वर करावा, दुसराही बाद होतो. काखेतली शिवण तो निकाल आवाजासकट देते. उरतो तिसरा अर्थ. कारखानदार मोकळा! एकच माप कापायचं, एकच लेबल छापायचं आणि कोणाला बसेल, कोणाला नाही, ही विवंचना गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकून द्यायची. शब्दशः अंगावर.

दुकानाच्या काचेआड तोच कुर्ता पुतळीच्या अंगावर मात्र चापूनचोपून बसलेला दिसतो. पुतळीच्या पाठीमागे जाऊन बघायची आपल्याकडे पद्धत नाही. बघावं. पाठीवर कापडाची चुणी धरलेली असते आणि तिला टाचण्या लावलेल्या असतात; टाचण्या संपल्या असतील तर कपडे वाळत घालायचे दोन निळे चिमटे. म्हणजे जिला बाळंतपण नाही, थायरॉइड नाही, दिवाळीचा फराळ नाही, जिची कंबर थेट साच्यातून ओतलेली आहे, त्या फायबरच्या बाईलासुद्धा हा कुर्ता होत नाही. जाहिरातींसाठी फोटो काढतानाही हीच युक्ती सर्रास चालते, पुढून फॅशन आणि मागून चिमटे. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या हाडामांसाच्या बाईला तो तोकडा, काचेआडच्या फायबरच्या बाईला तो ढगळ. मग तो शिवला तरी कोणासाठी?

एका काल्पनिक बाईसाठी. ही बाई कुठून आली, याचा थोडा माग लागतो. अमेरिकेत १९३९-४० साली तयार कपड्यांची मापं ठरवण्यासाठी सुमारे १५ हजार बायकांची मोजणी झाली. एकेकीची ५९ मापं घेतली. एवढं बारकाईने काम करून शेवटी गोऱ्या नसलेल्या बायकांचे आकडे हिशेबातून बाजूला काढले, आणि उरलेल्या आकड्यांतून ‘सरासरी स्त्री’ निघाली. त्या मोजणीवर आधारलेला मापांचा तक्ता १९५८ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाला आणि तो काही बायकांना बसेना, तेव्हा १९८३ मध्ये अधिकृतपणे मागेही घेतला गेला. मापाची कल्पना मात्र कोणी मागे घेतली नाही. ती पुढे विलायती तक्त्यांतून फिरत फिरत आपल्याकडे आली आणि इथल्या धंद्याने तीत थोडं इकडे-तिकडे करून ती आपल्या बायकांना चढवली. भारतातल्या माणसांच्या अंगाचा भारतीय तक्ता असावा, त्यासाठी सहा शहरांत २५ हजार स्त्री-पुरुषांची अंगं यंत्राने मोजावीत, ही योजना जाहीर व्हायला २०१८ साल उजाडलं. तोवर आपण स्वातंत्र्याची ७० वर्षं परक्याच्या मापाचे कपडे घालून साजरी केली होती आणि बाह्या लांब पडल्या की दोष आपल्या हातांना देत होतो.

आता ही काल्पनिक बाई इथे किती जणींशी जुळते, ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या २४ बायकांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आहे आणि जवळजवळ १९ जणींचं कमी. वजन म्हणजे माप नव्हे, हे मान्य. पण ज्या देशात शंभरातल्या ४३ जणी या नाहीतर त्या टोकाला आहेत, तिथे ‘मधलं माप’ हे फारतर एक मत असू शकतं. वरच्या टोकाच्या बाईला ‘तुमच्यात नाही येणार’ असं सांगतात आणि खालच्या टोकाच्या बाईला मुलींच्या विभागात पाठवतात, जिथे ऑफिसला जाण्यासाठी तिला छातीवर ससा काढलेला टॉप मिळतो. आणि ते ‘तुमच्यात’ ऐका. ‘तुमच्यात हळदीला मुंडावळ्या बांधतात का’ यातलं ते ‘तुमच्यात’. जणू चव्वेचाळीस छाती ही एक जात आहे आणि दुकानात तिच्या चालीरीतींची माहिती नाही. त्यापुढचं ‘येणार नाही’ हेही खास. पाऊस येत नाही, पाणी येत नाही, तशी साइज येत नाही. कोणीतरी ती कापायला हवी होती आणि कापली नाही, हा कर्ता त्या वाक्यात कुठेच सापडत नाही.

यावर धंद्याकडे तीन उत्तरं तयार असतात. पहिलं, कापड जास्त लागतं. लागतं, नाही कोण म्हणतंय? लहान मुलांच्या फ्रॉकची किंमत मापागणिक चढत जाते आणि आईबाप ती मुकाट देतात. पण मोठ्यांच्या दुकानात एस, एम, एल, एक्सेलपर्यंत किंमत एकच असते आणि डबल एक्सेलच्या उंबऱ्यावर एकदम शंभर रुपये वाढतात. एस आणि एक्सेल यांत जो फरक कंपनीने आनंदाने सोसला, तो पुढच्या दोन इंचांत असह्य होतो. कापडाचाच हिशेब करायचा तर एसवालीला पैसे परत द्या. द्याल? शिवाय खरी अडचण कापडाची नसते, साच्याची असते. मधल्या मापाचा कागदी साचा काढायचा आणि मोठ्या मापांसाठी तोच चहूबाजूंनी ठरावीक वाढवत न्यायचा, असं हे काम चालतं. चार पायऱ्यांपर्यंत ते निभतं. पुढे मुंढा, खांदा, छाती यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं आणि नवा साचा लागतो. त्यात डोकं आणि पैसा खर्च होतो. तो वाचवून जुनाच साचा फुगवला की बाही बोटांच्या पेरांपर्यंत येते आणि खांदा कोपराकडे चालू लागतो. माणूस रुंदीने वाढला म्हणजे त्याचे हातही लांब होतात, अशी या धंद्याची समजूत दिसते. तसं झालं असतं तर वरच्या फळीवरचा डबा काढायला आपल्या घरांत स्टूल लागलं नसतं.

दुसरं उत्तर, मोठ्या साइजला मागणी नाही. ‘ते चालत नाही, मॅडम.’ तेच दुकान पुढच्या मिनिटाला म्हणतं, ‘डबल एक्सेल संपलं.’ जे चालत नाही ते संपतं कसं, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या परीक्षेत घालण्यासारखा आहे. खरी गोम अशी की घाऊक बाजारात कुर्ते बऱ्याचदा सेटने मिळतात. एक एम, एक एल, एक एक्सेल, एक डबल एक्सेल. दुकानदाराला डबल एक्सेलचे तीन हवे असतील तर एमचेही तीन उचलावे लागतात. डबल एक्सेल पहिल्या आठवड्यात जातं, एम हँगरवर लोंबकळत राहतं आणि शेवटी पन्नास टक्के सुटीची पाटी लटकवून त्याची बोळवण होते. सेलच्या शेवटच्या दिवशी जाऊन कोणीही उरलेली लेबलं मोजावीत. मागणी नसल्याचा तो पुरावा सगळा एममध्ये टांगलेला असतो.

तिसरं उत्तर मात्र दुकानदाराचं नसून समाजाचं आहे, आणि इथे आमची जीभ घसरली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. हे उत्तर असं: मोठी मापं सहज मिळू लागली तर लोक जाड होतील, तेव्हा कपडे मिळत नाहीत हे बरंच आहे, त्याने वजन कमी करायची जाग येते. छत्री घेतली म्हणून पाऊस पडतो, या घराण्यातलं हे शास्त्र आहे. वजनाचे प्रश्न खरे आहेत. ते डॉक्टरांपाशी बोलावेत, ट्रायल रूमच्या दारावर टकटक करत नव्हे. आणि जिला ‘जरा चालायला जा’ असा सल्ला देता, तिने चालायला जायचं ते काय नेसून? व्यायामाच्या कपड्यांची रांग एक्सेलवर संपते! धावायची विजार आधीच बारीक असलेल्यांना मिळते, बाकीच्यांनी पंजाबी ड्रेसवर बूट घालून मैदानाला फेऱ्या माराव्यात आणि ओढणी सावरत पुन्हा त्याच समाजाची हसणी ऐकावीत. अंग झाकणं हे बक्षीस आहे का, की आधी पाच किलो उतरवून दाखवा मग चांगला कपडा मिळेल? हे शहाणपण पुरुषाच्या पोटाला कधी ऐकवलं जात नाही. त्याचं सुटलेलं पोट म्हणजे संसाराची भरभराट, त्याच्या शर्टला अक्षरं नव्हेत तर निर्विकार आकडे, ४०, ४२, ४४. तो ४४ मागतो तेव्हा त्याला ‘सर, काळ्यात बघा, बारीक दिसाल’ असं कोणी सांगत नाही. (४६ च्या पुढे त्याचेही हाल आहेत. पण निदान त्याचे हाल सल्ल्याविना होतात.)

‘मग शिंप्याकडे जा,’ असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. आपला जुना शिंपी या बाबतीत कुठल्याही सर्वसमावेशक धोरणापेक्षा पुढारलेला होता. तो ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत बोटभर जादा कापड सोडायचा आणि त्या कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. बाई भरली की टीप उसवायची, मायेतली अर्ध्या इंचाची जागा मोकळी करायची. उतरली की पुन्हा टीप मारायची. एकाच ब्लाउजला आत तीन-तीन टिपा, म्हणजे लग्न, बाळंतपण आणि मधुमेह यांचा इतिहासच. आजचा तयार कुर्ता उलटा करून पाहा, ओव्हरलॉकच्या यंत्राने कडेपर्यंत छाटून टाकलेला असतो. पाव इंचही माया नाही. लुगडं तर याहून मोकळं. सहावारीला, नऊवारीला एस-एम-एल नसतं. देह वाढला की दोन निऱ्या कमी. पण या मोकळेपणालाही आता दृष्ट लागली आहे. साडीच्या टोकाला जोडून येतो तो ब्लाउजपीस बहुतेकदा ८० सेंटिमीटरचा. हा ८० चा आकडा कोणत्या ऋषींना समाधीत दिसला, कोण जाणे. शिंपी तो पट्टीवर पसरतो, समोरच्या बाईकडे एकदा बघतो, पुन्हा कापडाकडे बघतो आणि सांगतो, ‘यात बाह्या निघणार नाहीत.’ आठ हजारांची साडी, साडेपाच मीटर लांब, आणि वीस सेंटिमीटर कापडावाचून बाई बिनबाह्यांची. मग काठ जोडा, अस्तराच्या बाह्या करा, नाहीतर मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन ‘साधारण असाच’ रंग शोधा. एवढी लांबलचक साडी विणणाऱ्या मागाला आणखी एक वीत विणायला काय धाड भरली होती?

तरीही समजा, नशिबाने मोठं माप सापडलं. आता त्यात जरा बरा, आजच्या चालीचा कपडा मागून पाहा. मोबाइलवर रंग, गळा, काठ सगळं निवडत जावं, तीनशे कपडे समोर येतात. शेवटी थ्री एक्सेलवर बोट ठेवलं की चार उरतात. एक काळा, एक नेव्ही ब्लू, एक उभ्या रेघांचा आणि एक फुलाफुलांचा. या फुलांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. एममध्ये अबोलीच्या कळीएवढी बुट्टी असते, एक्सेलमध्ये तिचा झेंडू होतो आणि थ्री एक्सेलमध्ये पोटाच्या बरोबर मधोमध परातीएवढा डेलिया फुललेला असतो. बाईला लपवायचं असं ठरवून शिवलेल्या कपड्यावर तो सगळ्या वऱ्हाडाला लांबून दिसावा म्हणून लावलेला असतो. या विभागाचं नाव ‘प्लस’. प्लस म्हणजे अधिक, आणि माल येतोही अधिक महिन्यासारखा, तीन वर्षांतून एकदा. अधिक महिना निदान पंचांगात आधी छापलेला असतो. त्यातून आता ‘सर्वसमावेशक’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर झळकू लागला आहे आणि त्याचा अर्थ एका ठिकाणी डबल एक्सेल म्हणजे छाती ४४, तर शेजारच्या दुकानात डबल एक्सेल म्हणजे ४०, असा लागतो. दोन दुकानांमधल्या वीस पावलांत बाई चार इंचांनी वाढते.

त्या मानाने फ्री साइजवाला प्रामाणिकच म्हणायचा. त्याने निदान आकडा लिहिला. लेबल उलटं केलं तर मागे आणखी मजकूर सापडतो. थंड पाण्यात धुवावा. पिळू नये. कापड शुद्ध सुती असल्याने पहिल्या धुण्यात पाच टक्क्यांपर्यंत आटण्याची शक्यता. अडतीसचे पाच टक्के म्हणजे दोन इंचांना जेमतेम कमी, तेव्हा पहिल्या सोमवारपासून फ्री साइज, छाती ३६ पर्यंत. सावलीत वाळवावा.