समुद्राकाठचा चढ

पाटोदा तालुक्यातल्या पाण्याची आणि अरबी समुद्राची ओळख नाही. मांजरा आमच्याच तालुक्यात, बालाघाटात उगम पावते आणि गोदावरीला मिळून पूर्वेला जाते. सौताड्याला कड्यावरून उडी टाकणारी विंचरणा सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे तीही शेवटी बंगालच्या उपसागरालाच. मुळात पाणी थोडं, तेही लांबच्या समुद्राला आंदण. तेव्हा आपण तरी अरबी समुद्राला भेटून यावं, असं मित्राच्या मनानं घेतलं. सायकलवर.

"काठाकाठानं जायचं, लका. समुद्र म्हणल्यावर सपाटच असतंय."

आमच्याकडची माणसं दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. पदरचे पैसे घालून घाम गाळायला निघालेले बहुधा आम्हीच पहिले. शेजारच्या आजोबांनी सायकलींकडं बघून एवढंच विचारलं, "उचल किती घेतली?"

श्रीवर्धनला टेम्पोतून सायकली उतरवल्या. पुढं बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट जाते; सबंध वाटेवर सपाट असं तेवढंच. सह्याद्रीतल्या नद्या जांभ्याचे सडे कापत समुद्राला मिळतात, त्यामुळं रस्ता सड्यावरून खाडीत उतरतो आणि खाडी ओलांडली की पुन्हा सड्यावर. आमचा बालाघाट इमानदार आहे. एकदा चढलं की पठार, मग बसा निवांत. इथं कमावलेली उंची पुढच्या खाडीत बुडते.

प्रत्येक चढावर धीर द्यायला एक माणूस उभा असायचाच. "एवढा चढाव चढलात की झालं, मग उतारच हाय." खोटं कुणीच बोललं नाही. उतारानंतरचं मात्र कुणी काढत नव्हतं.

वेळासच्या पुढं मित्र थांबला आणि खाली पसरलेल्या पाण्याकडं दुष्काळी नजरेनं बघत राहिला.

"किती टँकर व्हतील?"

"खारं हाय ते."

"म्हणून तर ऱ्हायलंय. गोड असतं तर वरच्या धरणात आडीवलं असतं."

मराठवाड्याच्या पाणीप्रश्नावर याहून नेमकं भाषण मी ऐकलेलं नाही, आणि हे तर धापा टाकत केलेलं.

आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. देव आधी खाली किनाऱ्यावर होता, पाणी चढलं तसा एक पाऊल टाकून कड्यावर गेला, असं सांगतात. मित्रानं मान वर करून कडा न्याहाळला आणि खालूनच हात जोडले. "त्याचं बरं हाय. त्याला सायकल न्हाई."

हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव ऐन भरात होता. तुळशीची माळ गळ्यात असलेला आमचा वारकरी नाकाला रुमाल लावून चहाच्या टपरीत शिरला.

"उद्या कुठं?" त्यानं मला विचारलं.

"दाभोळ. तिथून बोटीनं धोपावे."

"अन् धोपाव्याला काय हाय?"

उत्तर टपरीवाल्यानं दिलं. "चढाव."

मित्रानं कप खाली ठेवला. "लका, एस्टीच्या टपावर सायकल घेतेत का, इचार."