गंजलेल्या वस्तऱ्याची वंशावळ

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरील जुन्या जिनसांच्या ढिगाऱ्यातून आमच्या एका स्नेह्यांनी शेफिल्डचा वस्तरा हुडकून काढला, तेव्हा त्याच्या पात्यावर धारेपेक्षा गंजच अधिक होता. परंतु पात्याच्या मुळाशी ‘इंग्लंड’ एवढी अक्षरे दिसताच, अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, सबब हा जिन्नस बहुधा त्यानंतरचा, असा निवाडा त्यांनी एखाद्या मामलेदाराच्या गांभीर्याने दिला. (स्वतःच्या वडिलांची जन्मतारीख मात्र त्यांना दाखला काढूनच पाहावी लागते.) पुढे तीन महिने गंज खरवडणे, ओल्या दगडावर पाते आडवे फिरवणे आणि चामड्याच्या पट्ट्यावर ते परजणे हे नित्यकर्म अखंड चालले, आणि मुठीचे सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून सुटणारे आम्ल पोलादही खाते, हे ज्ञान घरच्या स्वयंपाकिणीपर्यंत पोहोचले. पिढ्यानपिढ्या वस्तरा चालवणाऱ्या कोपऱ्यावरच्या नाभिकास दोन गोष्टी विचाराव्यात, हे अर्थातच त्यांच्या संशोधकवृत्तीस मानवले नाही.

वस्तरा सांप्रत काचेच्या कपाटात मखमलीवर विराजमान आहे. दाढी ते त्याच नाभिकाकडून करवून घेतात.